दुरुस्ती करणाऱ्याची सही

बाण आधी कोपऱ्यात न्यायचा. पडद्यावर जिथे काहीच लिहिलेलं नाही अशी रिकामी जागा शोधायची, तिथे तो उभा करायचा आणि मगच माउसवरचा हात उचलायचा. समोरच्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं. त्याचा कागद उजेडात धरून बघायचा. पुन्हा हात माउसवर ठेवायचा, झोपलेल्या माणसाच्या खांद्यावर बोट टेकवावं तसं डावं बटण एकदाच दाबायचं, आणि स्वतःशीच म्हणायचं, "ह्यो निजलो होतो. उठलो."

हे एकदा नाही, एका अर्जात पंधरा-वीस वेळा. मी शेजारी उभी राहून बघायचे आणि माझं डोकं फिरायचं.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. तो हक्क मी गमावलाय. भांडुपच्या टेकडीवर सगळे त्यांना फिटरकाका म्हणायचे. तरुणपणी गिरणीत फिटर, गिरणी बंद पडल्यावर इथल्याच एका कारखान्यात फिटर, आणि निवृत्तीनंतर मंडळाच्या वाचनालयात संध्याकाळी चार ते आठ खुर्चीवर. वर्तमानपत्रं लावायची, पुस्तकं द्यायची आणि लोकांचे अर्ज लिहायचे. अक्षर छापल्यासारखं. टेकडीवरच्या अर्ध्या रेशनकार्डांचे अर्ज त्यांच्या हातचे असतील. तुमच्याही वस्तीत असा एक माणूस असणार, बघा. ज्याच्याकडे सगळे जातात आणि ज्याच्याकडे कोणी नीट बघत नाही.

मग अर्ज कागदावरून कॉम्प्युटरवर गेले आणि फिटरकाकांच्या अक्षराची किंमत संपली. तिथे आम्ही आलो.

आम्ही म्हणजे मुलुंड-घाटकोपरची पाच पोरं-पोरी. मुक्त सॉफ्टवेअरचा प्रचार करणारी. कंपन्यांनी कुलूप लावलेली यंत्रणा वापरू नका, जी कोणालाही उघडून बघता येते, दुरुस्त करता येते, वाटता येते ती वापरा, हे सांगत आम्ही पत्रकं वाटायचो. पत्रकं बहुतेक मीच लिहायचे. मला ते जमायचं. 'ज्याचं झाकण तुम्हाला उघडता येत नाही, ती वस्तू तुमची नाही!' हे माझं वाक्य. उद्गारचिन्हासकट.

कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेले तीन कॉम्प्युटर आम्ही मिळवले, त्यांत आमची यंत्रणा घातली आणि वाचनालयात मांडले. उद्घाटनाच्या दिवशी मी तावातावाने बोलले. कंपन्यांची गुलामी, ज्ञानाची मक्तेदारी, वगैरे. समोर बसलेल्यांपैकी निम्मे चहाकडे बघत होते. फिटरकाका एकटेच कान देऊन ऐकत होते. भाषण संपल्यावर जवळ आले.

"बरोबर बोललंस गो. कारखान्यात परदेशी मशीन इला होता. कंपनीन सील ठोकलेला. बिघाडला तर त्यांचो माणूस येयपर्यंत आम्ही हात बांधून उभे. माका त्या सीलचो राग यायचो."

इतकं स्वच्छ ते मला कधीच मांडता आलं नव्हतं. मी हसून मान हलवली आणि फोटो काढायला गेले.

त्याच दिवशी मी टेबलावर एक वही ठेवली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तक्रारवही. मालक तुम्ही! अडचण लिहा, आम्ही दुरुस्त करू.' काकांनी ती उघडली. आतली पानं कोरी बघून खिशातून सहा इंची पट्टी काढली आणि रकाने आखायला बसले. तारीख. वेळ. दोष. काय केले. दुरुस्ती करणाऱ्याची सही.

"सही कशाला, काका?"

"सही नसली तर दुरुस्त झाला की नाय, पुढच्या पाळीच्या माणसाक कसा कळतला?"

मी त्या पानाचाही फोटो काढला. आमच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'लोकशाही अशी दिसते.' खूप अंगठे आले.

आता माउसचं सांगते.

काका शिकायला लागले. हातांची बोटं जाड, उजव्या तर्जनीचं नख कधीतरी मशीनमध्ये जाऊन वाकडं झालेलं. पण हात स्थिर. मला वाटलं होतं तसा तो थरथरायचा नाही. एकच गोष्ट, ते प्रत्येक ओळ वाचायचे. प्रत्येक. 'मी वरील माहिती वाचली असून' असं लिहिलेलं असलं तर वरची माहिती खरंच वाचायचे. मी तर आजवर ती एकदाही वाचलेली नाही. तुम्ही वाचलीय?

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला सांगितलं, "गो, ह्यो माउस निजता."

"काय करतो?"

"निजता. झोपता. हात लावलो तर बाण हलना नाय. बटण दाबला की उठता."

मी त्यांच्या खांद्यावरून वाकले, माउस धरला, गरागरा फिरवला. बाण पडद्यावर नाचला. "हे बघा, जागा आहे."

"तू बटण दाबीतच धरतंस गो. धरतानाच उठवतंस त्याका."

"काका, माउस झोपत नाही. तुम्ही घाबरता, म्हणून हात हलत नाही. जोरात फिरवा. बिनधास्त. काही मोडत नाही."

"सवकास गो बाय," ते म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं. सावकाश. कोणी जिन्यावरून धावत आलं तरी सवकास, कोणी भांडत आलं तरी सवकास. मला त्या शब्दाचा संताप यायचा. सावकाश म्हणत म्हणतच या देशाची वाट लागलीय, असं मी एका पत्रकात लिहिलंसुद्धा होतं.

जूनमध्ये एक मुलगी आली. नर्सिंगच्या प्रवेशासाठी तिला रहिवासी दाखला हवा होता. काका अर्ज भरायला बसले. मी तिथे नव्हते, नंतर कळलं ते असं. मधेच तिच्या आधारकार्डावरचा पत्ता नीट वाचायला काकांनी मान खाली घातली. बाण नेमका 'सादर करा' वर राहिलेला. मान वर करून बघतात तो माउस निजलेला. उठवायला बटण दाबलं. उठला की नाही कळेना म्हणून पुन्हा दाबलं. ते दुसरं दाबणं थेट 'सादर करा' वर पडलं. निम्मा अर्ज तसाच निघून गेला, आणि एकदा गेलेला अर्ज परत घेता येत नव्हता.

त्याच संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. मी घाटकोपरला एका सभेत होते, स्टेजच्या मागे उभी.

"गो बाय, तो माउस निजता ना, त्या पायी पोरीचो अर्ज अर्धोच गेलो. तू येऊन एकदा बघशीत?"

"काका, मी सभेत आहे. वहीत लिहा ना. वही त्याचसाठी आहे."

"बरा," ते म्हणाले. "लिवतंय."

मी गेले नाही. तो आठवडा गेला, पुढचाही गेला. गेले तेव्हा काकांनी ते कोपऱ्याचं तंत्र सुरू केलं होतं. बाण रिकाम्या जागी उभा करायचा, मगच हात काढायचा. म्हणजे उठवताना बटण दाबलं तरी कुठे काही लागणार नाही. मी विचारलंसुद्धा नाही की असं का करता. उलट सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, बाण पार्किंगला लावला का?" शेजारच्या दोन कॉम्प्युटरवर खेळणारी मुलं खिदळली. काकाही हसले. "पार्किंगला लावलो की चलान फाटना नाय," म्हणाले.

तेव्हाच माझं नवं पत्रक छापून आलं. विषय होता तंत्रज्ञानाची भीती. त्यात एक चौकट होती, मीच लिहिलेली: 'काही ज्येष्ठ तर म्हणतात, माउस झोपतो! मित्रहो, माउस झोपत नाही. झोपलेली असते ती आपली शिकण्याची इच्छा!' मला ती ओळ फार आवडली होती. अजून तोंडपाठ आहे, हीच शिक्षा.

पत्रकांचे गठ्ठे नेहमीसारखे वाचनालयात आले, कारण घड्या काका घालायचे. माझ्या प्रत्येक पत्रकाच्या. कागद दुमडून अंगठ्याच्या नखाने कड अशी ओढायचे की पट्टीने आखल्यासारखी घडी बसायची. मी सांगितलं नव्हतं, ते आपणहून करायचे. आणि घडी घालण्याआधी, तुम्ही ओळखलंच असेल, पहिली प्रत पूर्ण वाचायचे.

ती त्यांनी वाचली. मी समोर बसून फोनवर काहीतरी टाइप करत होते. चौकटीपाशी ते थांबले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "अक्षर बरा इला हा ह्या वेळेक. ठळक." आणि घडी घालायला लागले. सगळ्या गठ्ठ्याला. कड एकीचीही वाकडी गेली नाही.

मला त्या वेळी काही वाटलं का? खरं सांगते. वाटलं. अर्धं मिनिट. मग वाटलं, बरं झालं, आता तरी शिकतील.

जुलैत त्या मुलीचा अर्ज अपूर्ण म्हणून नामंजूर झाला आणि प्रवेशाची पहिली यादी हुकली. तिचे वडील मंडळात येऊन ओरडले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. अध्यक्षांनी मीटिंग बोलावली. वाचनालयातच, त्याच टेबलाभोवती. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, व्यवस्थित माणूस. त्यांनी मलाच विचारलं.

"हे बघ, साधा प्रश्न आहे. ही तुमची फुकटची सिस्टिम गंडलेली आहे की काकांना जमत नाहीये? सिस्टिम गंडलेली असेल तर ती काढून नेहमीची टाकू. माझा भाचा करून देतो."

नेहमीची म्हणजे कंपनीची. कुलूपवाली. उपनगरांत आमचं हे एकच ठिकाण उभं राहिलं होतं. प्रत्येक भाषणात मी त्याचं उदाहरण द्यायचे.

"यंत्रणेत काहीही दोष नाही," मी ठणकावून सांगितलं. "मी स्वतः बसवलीय. दोन कॉम्प्युटरवर मुलं रोज काम करतात, एक तक्रार नाही."

"म्हणजे काकांना जमत नाही."

मी काकांकडे बघितलं. ते कोपऱ्यात, पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभे होते. खुर्ची त्यांनी मुलीच्या वडिलांना दिली होती.

"त्यांना शिकायचंच नाहीये," मी म्हणाले. "मी किती वेळा दाखवलं. ते म्हणतात माउस झोपतो."

लोक हसले. त्या मुलीचे वडील मात्र हसले नाहीत. अध्यक्ष हसू आवरून म्हणाले, "काका, तुमचं काय म्हणणं?"

काका माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. कारखान्यात नवीन माणूस चुकीचा पाना उचलतो तेव्हा जुना कारागीर बघत असेल ना, तसं.

"तिका म्हायत," ते म्हणाले. "मशीन तिना बसवला हा."

बस. एवढंच. आठ दिवसांनी त्यांनी वाचनालयाची चावी अध्यक्षांच्या घरी नेऊन दिली. पुसून, नवीन दोऱ्यात ओवून. आणि पत्नीला घेऊन गावी निघून गेले, कणकवलीच्या पलीकडे. घर भाड्याने दिलं म्हणतात. मी निरोप घ्यायला गेले नाही. मला वेळ नव्हता, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही.

नवीन माणूस मिळेपर्यंत खुर्चीवर मी बसेन, असं मंडळाला सांगितलं. प्रतिष्ठेचा प्रश्न होता. पहिल्याच संध्याकाळी एक मावशी आल्या, रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचं होतं. सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत, आणि त्या पिशवीत आणखी एक पिशवी.

"लग्नाचा दाखला द्या, मावशी."

"देते गं. हा नाही. हा लाइटबिल. थांब हां."

मी थांबले. माउसवर हात ठेवून थांबले. आजवर मी कोणासाठी इतकी थांबले नव्हते. दाखला मिळाला, मी माउस हलवला. बाण हलला नाही.

पुन्हा हलवला. नाही. माउस उलटा केला. पोटाखालचा लाल दिवा विझलेला. बटण दाबलं. दिवा लागला, बाण हलला.

"काय झालं गं?" मावशी म्हणाल्या.

"काही नाही. तुम्ही शोधा. अजून एक कागद लागेल."

हात काढला. मनात मोजलं. एक, दोन. लाल दिवा विझला.

झोपत होता. माउस खरंच झोपत होता. आणि त्याला झोपवणारी मीच होते. यंत्रणा बसवताना मी कुठल्याशा संकेतस्थळावरून वीज वाचवणारी एक ओळ उचलून तिच्यात चिकटवली होती. दोन सेकंद हालचाल नसेल तर जोडलेली वस्तू बंद कर, अशी. ओळ काय करते ते वाचलंसुद्धा नव्हतं. 'आमची यंत्रणा वीजही वाचवते!' हे मात्र पत्रकात छापलं होतं. मुलं खेळताना सारखी बटणं दाबतात, मी धरतानाच दाबते, आम्हाला ते कधी कळणारच नव्हतं. जो माणूस थांबतो, वाचतो, समोरच्याला वेळ देतो, फक्त त्याच्याच हाताखाली तो माउस झोपायचा.

ओळ काढायला एक मिनिटही लागलं नाही.

मावशी गेल्यावर मी काकांना फोन लावला. मागे कोंबड्यांचा आवाज, आणि काहीतरी ठोकल्याचा.

"काका, मी बोलतेय. वाचनालयातून."

"बोल गो बाय. बरा मा?"

"काका, माउस खरंच झोपत होता. माझी चूक होती. मीच..." इतकी पत्रकं लिहिली, आणि एक साधं वाक्य तोंडातून निघेना.

"माका म्हायत होता," ते म्हणाले.

"मग मीटिंगमध्ये का बोलला नाहीत? सगळ्यांसमोर?"

ठोकणं थांबलं.

"तूच सांगलंस ना, वहीत लिवा म्हणून. लिवलंय मी. तू वाचतलंस असा वाटला."

मी टेबलावर वही शोधायला लागले.

"आता थंय कोण बसता?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मगे सवकास बस. म्हातारी माणसा येतत. त्यांका कागद गावना नाय पटकन."

"तुम्ही परत याल का, काका?"

"बघया. हंय पंपाचो वॉशर गेलो हा, तो बघतंय." आणि पुन्हा ठोकणं सुरू झालं.

अध्यक्षांना मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. मुलीच्या वडिलांनाही, त्यांच्या दारात उभं राहून. ते एकच बोलले, "काकांना कळवलंत ना?" अध्यक्ष म्हणाले, "जाऊ दे गं, झालं ते झालं. सिस्टिम चालते ना आता?" चालते. झकास चालते. आमचं ठिकाण टिकलं.

वही मी फोन ठेवल्याबरोबर काढली होती. टेबलाच्या खणात, पट्टीखाली नीट ठेवलेली. तीन पानं भरलेली, छापल्यासारख्या अक्षरात.

'सायं. ४.१०. माउस बंद पडला. डावे बटण दाबले, चालू. सायं. ४.१५. पुन्हा. न हलवता ठेवला असता दोन अंक मोजेपर्यंत बंद पडतो. सायं. ५.३०. शेजारील मशीनचा माउस आणून लावला. तोही पडतो. सबब दोष माउसचा नसून मशीनच्या आतील आहे. सायं. ६.००. मुलांच्या हातात पडत नाही. हात सतत हलतो म्हणून.'

पुढे तो जूनचा दिवस. 'अर्ज अपुरा गेला. जबाबदारी माझी. फोन केला.'

सगळं लिहिलेलं होतं. उघडून बघणाऱ्याला पाच मिनिटांत सापडेल इतकं स्वच्छ. दोषाचं झाकण त्यांनी उघडून ठेवलं होतं, मला फक्त आत बघायचं होतं.

शेवटची नोंद मीटिंगनंतरची, चावी दिली त्या दिवशीची. 'दोष कायम. हात काढण्यापूर्वी बाण कोपऱ्यात ठेवावा, म्हणजे कोणाचा अर्ज जाणार नाही. नवीन माणसास सांगणे.'

आणि उजवीकडे, पट्टीने आखलेला तो शेवटचा, सहीचा रकाना. पहिल्या ओळीपासून या ओळीपर्यंत कोरा. मी पेन काढलं. बराच वेळ हातात धरून बसले. माउस आता झोपत नाही, त्याचा लाल दिवा तेवढा शेजारी जळत होता.

दुरुस्त झालं की नाही, हे काकांनीच ठरवायचं. सही अजून केलेली नाही. वही टेबलावरच आहे, काका आले तर त्यांना दिसेल अशी.